अग्निबाणाची इंजिने : जुनी, नवी आणि त्यांचा जमाखर्च

‘नवे ते अधिक चांगले’ ही समजूत आपल्या मनात इतकी रुजलेली असते की, तिची परीक्षा घ्यावी असे सहसा वाटत नाही. अग्निबाणांच्या इंजिनांचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र तिला तडा जातो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु सार्वजनिक पैसा कोणत्या कसोटीवर खर्च करावा, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

प्रथम कसोट्या पाहू. पहिली कसोटी रेट्याची. इंजिन किती वजन वर ढकलू शकते ती. दुसरी ‘विशिष्ट आवेगा’ची, एक किलो इंधन-मिश्रण जाळून एक किलो भाराइतका रेटा किती सेकंद मिळतो, तो आकडा. मोटारीच्या भाषेत बोलायचे तर पहिली ताकद आणि दुसरी लिटरमागे पडणारे अंतर. तिसरी कसोटी अर्थातच पैशाची.

आता तीन अमेरिकन इंजिने शेजारी ठेवू. १९६९ साली चंद्राकडे माणसे नेणाऱ्या ‘सॅटर्न-५’च्या तळाशी ‘एफ-१’ जातीची पाच इंजिने होती. प्रत्येकाचा रेटा सुमारे ६९० टन. निर्वात अवकाशातील विशिष्ट आवेग सुमारे ३०४ सेकंद. १९८१ साली उडालेल्या स्पेस शटलचे ‘आरएस-२५’ इंजिन द्रवरूप हायड्रोजनवर चालणारे. त्याचा जमिनीवरील रेटा सुमारे १९० टनच. पण विशिष्ट आवेग तब्बल ४५२ सेकंद. तिसरे ‘फाल्कन-९’ अग्निबाणाचे ‘मर्लिन’. ते यांत सर्वांत नवे. तरीही एफ-१प्रमाणेच केरोसीन जाळणारे. त्याचा विशिष्ट आवेग सुमारे ३११ सेकंद, म्हणजे जुन्या एफ-१पेक्षा किंचितच अधिक!

मग आरएस-२५ श्रेष्ठ ठरत नाही काय? काटकसरीच्या बाबतीत निःसंशय ठरते. पण त्या काटकसरीचीही किंमत असते. हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रवरूप ठेवावा लागतो आणि त्याचा एक लिटर जेमतेम ७० ग्रॅम भरतो. साहजिकच टाक्या अवाढव्य होतात. एफ-१च्या ज्वलनकक्षातील दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट; आरएस-२५मध्ये तो सुमारे २०० पट. असे यंत्र घडवणे व तपासणे दोन्ही महागच.

२०२० साली नासाने अशी १८ नवी इंजिने मागवली. त्या कराराची रक्कम १७९ कोटी डॉलर, म्हणजे एका इंजिनामागे सुमारे १० कोटी. त्या उलट २०२२ साली फाल्कन-९च्या संपूर्ण उड्डाणाचा जाहीर दर ६ कोटी ७० लाख डॉलर होता. आणि त्यात दहा इंजिने येतात. शिवाय २०१५च्या डिसेंबरात या अग्निबाणाचा पहिला टप्पा सुखरूप उतरला, आणि २०१७पासून वापरलेले टप्पे पुन्हा उडू लागले. आरएस-२५ मुळात पुनर्वापरासाठीच घडवलेले. पण शटलमधून उडून आलेली अशी चार इंजिने नोव्हेंबर २०२२च्या ‘आर्टेमिस-१’ उड्डाणात वापरून समुद्रार्पण झाली.

येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. मर्लिन पहिल्या टप्प्यात अडीचएक मिनिटे जळते. आरएस-२५ जमिनीपासून जवळजवळ कक्षेपर्यंत आठ मिनिटे काम करते. दोघांची कामे वेगळी, म्हणून केवळ आकड्यांची वजाबाकी पुरेशी नाही.

हाच विचार आपल्याकडेही दिसतो. इस्रोच्या जुन्या ‘सीई-७.५’ क्रायोजेनिक इंजिनाचा विशिष्ट आवेग सुमारे ४५४ सेकंद. त्याची रचना गुंतागुंतीची. नंतरच्या ‘सीई-२०’चा सुमारे ४४३. म्हणजे नवे इंजिन या कसोटीवर मागे! परंतु त्याची रचना सोपी, भाग स्वतंत्रपणे तपासता येणारे आणि रेटा अडीच पटींहून अधिक. २०२३च्या जुलैत चांद्रयान-३ला नेणाऱ्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यात हेच इंजिन होते.

तात्पर्य, उत्तम इंजिन म्हणजे सर्वांत मोठा आकडा नव्हे. नेमून दिलेले काम जे भरवशाने, परवडेल अशा खर्चात आणि शक्य तर पुन्हा पुन्हा करील, ते उत्तम. नव्याचे स्वागत जरूर करावे. पण ते कशासाठी हवे, हे आधी विचारून घ्यावे.