नमुना पाठविण्यापूर्वी त्याचा वर्ग ओळखावा
प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. तीच आजची हाफकिन संस्था. तेव्हापासून या परिसराला रोगजंतूंची हाताळणी परिचित आहे. तथापि नमुन्याचा वर्ग केवळ रोगाच्या नावावरून ठरत नाही, हे आम्ही येथे नमूद करू इच्छितो. क्षयरुग्णाची थुंकी सामान्यतः ‘ब’ वर्गात, म्हणजे यूएन ३३७३ मध्ये मोडते. त्याच थुंकीतून प्रयोगशाळेत वाढविलेले क्षयजंतू मात्र हवाई वाहतुकीसाठी ‘अ’ वर्गात, यूएन २८१४ मध्ये गणले जातात. कारण तेथे जंतूंची संख्या कैक पटींनी वाढलेली असते. दोहोंनाही तिहेरी वेष्टन आवश्यक: गळतीरोधक नळी, शोषक कापसासह दुसरे गळतीरोधक पात्र आणि मजबूत बाह्य पेटी. लेबल चुकल्यास पेटी उचलणाऱ्याला धोक्याची कल्पनाच येत नाही. त्याच्या सुरक्षिततेसाठीच हे वर्गीकरण आहे.