कच्च्या तेलाला आंबट का लागतं?

मासे साफ केले की कोकणात त्यांना मीठ-हळदीबरोबर कोकमाचं आगळ चोळतात, नाहीतर लिंबू पिळतात. वास पळतो. माशाच्या त्या वासाचं मुख्य कारण ट्रायमिथाइलअमीन. हा बेस आहे. आंबट भेटलं की त्याचं क्षार-रूप बनतं, ते पाण्यात राहतं, हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. रिफायनरीच्या डिसॉल्टरमध्ये हीच युक्ती वापरतात. फक्त तिथे अमीनला हवेत नव्हे, तेलात जाऊ द्यायचं नसतं.

सेकंड इयरवाल्यांसाठी थोडक्यात: विहिरीतून क्रूडबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब येतात. क्रूड साधारण ११० ते १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात ३ ते १० टक्के पाणी घुसळतात आणि उच्च व्होल्टेजच्या विद्युत क्षेत्रातून नेतात. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, तळाशी बसतात आणि मीठ घेऊन जातात. विजेने असे थेंब वेगळे करण्याचं कॉट्रेल आणि स्पीड यांचं अमेरिकन पेटंट १९११ सालचं आहे. धुणं नीट झालं नाही तर पुढे भट्टीत मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइडचं जलविघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि टॉवरच्या माथ्यावरचे पाइप कुरतडतो.

वर्गात डिसॉल्टर बहुधा इथेच संपतो. खरी डोकेदुखी पुढे आहे.

तेलातला विषारी हायड्रोजन सल्फाइड मारायला वाहतुकीआधी ट्रायझिन जातीची रसायनं टाकतात. त्यांतून मोनोइथॅनोलअमीन सुटतं. शिवाय टॉवरच्या माथ्यावरचं आम्ल मारायला रिफायनरी स्वतःच अमोनिया किंवा अमीन सोडते. माथ्यावर जमलेलं पाणी स्ट्रिपरमधून काढून पुन्हा डिसॉल्टरला धुण्यासाठी देतात, कारण गोडं पाणी फुकट मिळत नाही. त्या पाण्याचा पीएच चढा असेल तर अमीन पाण्यातून उठून तेलात जातं, तेलाबरोबर टॉवरमध्ये चढतं, तिथे हायड्रोजन क्लोराइडला गाठतं आणि पाण्याचा पहिला थेंब पडायच्या आधीच अमीन हायड्रोक्लोराइडचा थर ट्रेवर साचतो. हा क्षार ओल धरतो आणि त्याच्याखाली पोलाद पोखरलं जातं. म्हणजे जे औषध म्हणून टाकलं तेच फिरून रोग झालं!

आता गणित. अमोनियाच्या आयनाचा पीकेए २५ अंशांना ९.२५. त्या पीएचला निम्मा अमोनिया भारित, निम्मा भाररहित. पीएच ६.२५ केला की भाररहित रेणू उरतो हजारात एक, आणि तेलात शिरू शकतो तो हाच. मग पीएच ७ ला काय हरकत आहे? हरकत तापमानाची. डिसॉल्टरच्या तापमानाला हा पीकेए बराच खाली येतो, म्हणून २५ अंशांचं उत्तर परीक्षेत मार्क देईल, प्लँटमध्ये नाही. अमीनचा त्रास असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच ६ च्या आसपास ठेवतात. आत जाणाऱ्या पाण्याचा मोजून भागत नाही. क्रूड त्यात स्वतःची भर घालतं.

वरच्या बाजूला दुसरं संकट. पीएच फार चढला की क्रूडमधल्या नॅफ्थेनिक आम्लांचा चक्क साबण होतो, तेल-पाण्याचं लोणी जमतं आणि तळाच्या पाण्यातून तेल वाहून जातं. खाली ५ च्याही खाली गेलात तर डिसॉल्टर आणि पाण्याचे पाइपच गंजायला लागतात. फिरायला जागा आहे ती एवढीच.

आफ्रिकेतल्या चाडचं डोबा क्रूड २००३ पासून कॅमेरूनच्या किनाऱ्यावरून निर्यात होतं. त्यात आम्लंही भरपूर आणि कॅल्शियमही. हे कॅल्शियम नॅफ्थेनेटच्या रूपात तेलातच विरघळलेलं, त्यामुळे साध्या पाण्याने हलत नाही. आम्ल दिलं तर नॅफ्थेनेट हायड्रोजन घेतं आणि कॅल्शियम पाण्यात उतरतं. पण कोणतं आम्ल? सल्फ्युरिक स्वस्त, पण जिप्सम बसवतं. हायड्रोक्लोरिक म्हणजे जे काढायचं ते क्लोराइडच घालणं. ॲसेटिक थोडं तेलात जातं आणि टॉवरच्या माथ्यावर पुन्हा भेटतं. सायट्रिकचा कॅल्शियम क्षार कमी विरघळतो, पाइप तुंबवतो. माझं मत ग्लायकोलिकच्या बाजूने: पाण्यात राहतं आणि त्याचा कॅल्शियम क्षारही बऱ्यापैकी विरघळतो. मात्र एका कॅल्शियमला दोन रेणू लागतात, म्हणजे १ किलो कॅल्शियमला सुमारे ३.८ किलो आम्ल. खर्चाचा आकडा इथेच डोळ्यांत भरतो.

आणि तेलातून काढलेलं जातं कुठे? सांडपाणी प्रक्रियेकडे. तिथले जीवाणू हे आम्ल खातात, पण त्यासाठी त्यांना जादा ऑक्सिजन लागतो. अमोनियाचा भार वेगळाच. म्हणून रिफायनरीच्या व्हिजिटला गेलात की डिसॉल्टरपाशी फोटो काढून झाल्यावर ऑपरेटर काकांना एवढं विचारा: ब्राइनचा पीएच किती ठेवता, आणि तो वाढवा-कमी करा म्हणून ईटीपीवाल्यांचा फोन येतो का?