अपिलातील नवा पुरावा : नादारीच्या प्रकरणांतील एक अडचण

गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावी एखाद्या दुकानदाराविरुद्ध धनकोने नादारीचा अर्ज केला, असे समजू. देणी बुडविण्यासाठी त्याने जमीन मेहुण्याच्या नावे केली, हा आरोप. कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांचा अपवाद वगळता, व्यक्तींच्या नादारीस बीड जिल्ह्यात आजही प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 लागू आहे. त्यानुसार असे हस्तांतरण अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांच्या आत घडलेले असावे लागते. खरेदीखत त्याहून जुने असल्यास अर्जाचा पायाच ढासळतो. परंतु ते खत न्यायालयापुढे आलेच नाही. दुकानदार नादार ठरला आणि त्याची मालमत्ता प्रापकाकडे गेली.

कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील करता येते. मात्र तेथे खत आपोआप स्वीकारले जात नाही. अधिनियमाच्या कलम 5 मुळे अपिलास दिवाणी दाव्याचीच कार्यपद्धती लागते. म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41, नियम 27. खालच्या न्यायालयाने घ्यावयास हवा असलेला पुरावा नाकारला असेल, किंवा निर्णय देण्यासाठी अपील न्यायालयालाच त्याची गरज भासली, तर तो घेता येतो. योग्य दक्षता घेऊनही पुरावा माहीत नव्हता वा हजर करता आला नाही, हे तिसरे कारण 1976 च्या दुरुस्तीने आले.

दुकानदाराची अडचण येथेच आहे. खतावर त्याचीच सही. तेव्हा ते माहीत नव्हते, असे त्याला म्हणता येणार नाही. वकिलाला सांगावयाचे राहिले, हे कारणही सहसा टिकत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1907 साली मुंबईच्या केसोवजी इस्सर विरुद्ध जी.आय.पी. रेल्वे या प्रकरणात म्हटले होते की, असलेला पुरावा तपासताना त्यातच उणीव दिसली पाहिजे. बाहेर नवे काही सापडले, एवढे पुरेसे नाही. हा नियम कठोर वाटतो, पण त्याविना एकही दावा संपणार नाही.

नकलेसाठी त्याने वेळेत अर्ज केला होता आणि ती निकालानंतर मिळाली, असे असेल तर गोष्ट वेगळी. मग अर्जाची तारखेसह पोच हाच दक्षतेचा पुरावा ठरतो. म्हणून तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालयांनी नकलेच्या अर्जाची पोच देणे आणि नकलेवर अर्जाची व वितरणाची तारीख घालणे, ही केवळ दप्तरी बाब नव्हे. असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबरच विचारात घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले आहे. आणि पुरावा घेतल्यास न्यायालयाला त्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात.