फाईल होती, लोडर नव्हता

मॅकवर बसून लिनक्सच्या एआरएम बोर्डासाठी क्रॉस कंपायलर बांधायचं काम हुबळी-धारवाडात कुणी घेणार असेल, तर आधी हे वाचा. पैसे उशिरा मिळाले, ते एक वेळ सोडून देईन. 'यांनी फाईलच पाठवली नाही' हे बोलणं मात्र अजून टोचतं.

धारवाडच्या बेळूर औद्योगिक वसाहतीतले एक यंत्र उत्पादक. 'बोर्ड आमच्याकडेच राहील' ही त्यांची अट. म्हणून मी कामाआधी लेखी विचारलं, 'हार्ड-फ्लोट की सॉफ्ट-फ्लोट?' उत्तर आलं, 'हार्ड-फ्लोट.' कंपायलर त्यावरच बेतला.

मॅकचा त्रास वेगळाच. क्रॉसटूल-एनजी सुरू व्हायलाच तयार नव्हतं, कारण मॅकची डिस्क सहसा कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, आणि लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर हेडरांत काही फायलींची नावं तेवढ्याच फरकानं वेगळी आहेत. डिस्क युटिलिटीत केस-सेन्सिटिव्ह इमेज करा आणि सगळं काम तिथंच करा. मग नेहमीचा क्रम: बायनयुटिल्स, कर्नलची हेडरं, फक्त सीपुरता जीसीसी, जीलिबसी आणि शेवटी पूर्ण जीसीसी.

प्रोग्रॅम पाठवला आणि फोन आला, "सर, फाईल इल्ल री!" बोर्डावर संदेश येत होता, 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. एलएस केलं तर फाईल समोर दिसतेय, हे मी परोपरीनं सांगितलं. तरी या गृहस्थांनी त्यांच्या पुण्याच्या ग्राहकाला मेल केला, मला सीसीत ठेवून, की हुबळीकडून, म्हणजे माझ्याकडून, फाईलच आलेली नाही.

त्या रात्री रीडएल्फनं प्रोग्रॅम हेडर उघडले. प्रोग्रॅमला हवा होता हार्ड-फ्लोटचा लोडर, 'आर्मएचएफ' नावाचा. बोर्डाच्या लिब फोल्डरची यादी मागवली, तर तिथं फक्त जुना सॉफ्ट-फ्लोटचा. पत्र घरी पोचलं, पण वाचणारा घरात नाही, अशातली गत. कर्नल लोडर शोधतो, तो सापडत नाही, आणि संदेश असा येतो की जणू तुमची फाईलच नाही. हे कळवल्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही आधी विचारायचं ना!" मी त्यांचाच जुना मेल पुढे पाठवला. उत्तर नाही. पुण्याला दुरुस्तीचा मेलही गेला नाही.

तर सांगणं असं. बोर्डाबद्दल माणसाचा शब्द घेऊ नका. बोर्डावर चालणारा त्यांचाच एखादा प्रोग्रॅम मागवा आणि रीडएल्फनं तपासा: लोडर कुठला, फ्लोटची पद्धत कुठली. डेबियनमध्ये हार्ड-फ्लोट 2013 च्या आवृत्ती 7 पासून अधिकृत झालं. त्याआधीचा डेबियन असेल तर संशय घ्याच. प्रोसेसरही बघा: पहिला रास्पबेरी पाय एआरएमव्ही6 आहे, व्ही7 साठी बांधलेला प्रोग्रॅम त्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून आपटतो. जीलिबसी बोर्डावरच्यापेक्षा नवी घेऊ नका, 2.34 वर जोडलेला प्रोग्रॅम 2.31 वर उठत नाही, उलटं सहसा चालतं. आधी 'हॅलो वर्ल्ड' पाठवून चालवून घ्या.

आणि ज्याचा बोर्ड बघायला मिळत नाही, त्याचं काम निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय करू नका. मी आता करत नाही.