कण चमकला म्हणून

चि. ऋता,


डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरखाली तुझ्या कुपीतला नॅनोकणांचा द्राव हिरवागार उजळतो, ते फोटो पाहिले. देखणे आहेत. पण चमकणारा कण बनवणं आणि कर्करोगाची गाठ नष्ट करणं ही दोन कामं आहेत, आणि तुझी सगळी उमेद पहिल्यातच खर्च होताना दिसते, म्हणून लिहितेय.

मारतो तो ऑक्सिजन. प्रकाशाची ऊर्जा कणातून त्यावर बसवलेल्या प्रकाशसंवेदी औषधाकडे, तिथून ऑक्सिजनकडे जाते, आणि तो चवताळलेला ऑक्सिजन पेशीला आतून पोळतो. त्याचा पल्ला इतका तोकडा की एक पेशीसुद्धा तो ओलांडत नाही. त्यात मोठ्या गाठीच्या पोटात ऑक्सिजनचा आधीच दुष्काळ. वर तू प्रकाश जोरात मारलास तर आहे तोही क्षणात संपतो. मंद, थांबत थांबत दिलेला प्रकाश कित्येकदा जास्त काम करतो. तेव्हा कणाच्या आकाराइतकंच मन लावून ऑक्सिजन मोज.

दुसरं, अंधार. 1900च्या सुमारास म्युनिकमध्ये टॅपायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब ॲक्रिडीनच्या द्रावणात पॅरामिशियम हे एकपेशी जीव मारत होता. ते कधी लवकर मरत, कधी उशिरा. दुसरा कुणी ‘आकडे जुळत नाहीत’ म्हणून वही मिटून बसला असता. यानं उजेडातला फरक ताडला, आणि प्रकाशानं पेशी मारायची ही सगळी विद्या तिथून सुरू झाली. तुझ्या प्रयोगात अंधारात कणांसह ठेवलेल्या पेशी हव्यातच, आणि कणांशिवाय नुसता लेझर खाल्लेल्याही. 980 नॅनोमीटरचा प्रकाश पाणी शोषतं आणि तापतं. पेशी उष्णतेनं मरायच्या आणि श्रेय ऑक्सिजनला जायचं!

खोलवर पोचणारा प्रकाश हा तुमच्या कणांचा मोठा दावा. उपचारात नेहमी वापरतात तो लाल प्रकाश ऊतीत काही मिलिमीटरच जातो, हे खरं. पण डॉक्टर कधीचे फायबर आत नेऊन अन्ननलिकेतल्या गाठीवर तो टाकतात. फोटोफ्रिन या प्रकाशसंवेदी औषधाला अमेरिकेत त्यासाठी 1995 साली मान्यता मिळाली. तुझा कण फायबरपेक्षा काय जास्त देतो, ते सांगता आलं पाहिजे. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं 2016मध्ये दहा वर्षांचे शोधनिबंध चाळले, तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला 0.7 टक्के. बाकीच्यांतले बरेचसे यकृत नि प्लीहेत अडकतात. ते तिथून कधी बाहेर पडतात, हा प्रश्न प्रबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलू नकोस.

माणसाचंही बघ. मायर-बेट्झ या डॉक्टरांनी 1912 साली स्वतःलाच 200 मिलिग्रॅम हेमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं, आणि उन्हात जाताच तोंड सुजलं; तो त्रास पुढे कित्येक आठवडे पुरला. फोटोफ्रिननंतर आजही निदान महिनाभर ऊन टाळायला सांगतात. शेतावर राबणाऱ्या बाईला हे सांगून बघ! गाइडना विचारून एखाद्या कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीत काही दिवस बसायची परवानगी काढ. जमलं तर मे महिन्यातच.

तुझी,
आत्या