कुस्तीपूर्वीची कसोटी

म्हैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीच्या दिवशी, जंबू सवारीची मिरवणूक निघण्यापूर्वी, एक आगळी झुंज होते. तिला 'वज्रमुष्टी काळग' म्हणतात. जेट्टी या परंपरागत मल्लघराण्यांतील मल्ल डोकी मुंडवून, मुठीत हस्तिदंताचे किंवा शिंगाचे टोकदार अस्त्र अडकवून मातीत समोरासमोर उभे ठाकतात. कोणा एकाच्या मस्तकावर रक्ताचा पहिला थेंब दिसला, की झुंज तिथेच थांबते. पाहणाऱ्याला हा प्रकार क्रूर वाटेल. परंतु या झुंजीला मर्यादा आहे आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत पाळली जाते. रक्त लपवता येत नाही.

मल्लाच्या शरीरात काय गेले आहे, हे मात्र असे डोळ्यांनी दिसत नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि व्यायाम यांचे वर्णन केले. आपल्याकडच्या तालमींतही पैलवानाच्या खुराकावर वस्तादाची करडी नजर असे. दूध, तूप, बदाम, थंडाई हा तो खुराक. खुराक कोठे संपतो आणि औषध कोठे सुरू होते, हा प्रश्न तेव्हा फारसा पडत नव्हता. रसायनशास्त्राने स्नायू वाढवणारी गोळी हाताशी आणून दिली आणि तो प्रश्न जगापुढे उभा राहिला. १९९९ साली 'वाडा' ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. भारतात २००५ साली 'नाडा' आली.

चाचणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. अधिकारी पूर्वसूचना न देता येतो. खेळाडूने अनेक सीलबंद संचांतून एक स्वतः निवडायचा, साक्षीदारासमोर लघवीचा नमुना द्यायचा आणि तो स्वतःच्या हाताने 'अ' व 'ब' अशा दोन बाटल्यांत ओतायचा. झाकण एकदा बसले की ते मोडल्याशिवाय बाटली उघडू नये, अशी तिची रचना असते. प्रयोगशाळेला खेळाडूचे नाव कळत नाही. तिच्यापुढे केवळ क्रमांक असतो. 'अ' नमुना दोषी आढळला, तर खेळाडू 'ब' नमुना तपासण्याची मागणी करू शकतो. इतकी काळजी घेतली जाते, याचे कारण उघड आहे: यातील एक चूक माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते.

तरीही सर्वांत कठीण भाग प्रयोगशाळेच्या बाहेर असतो. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, असा या नियमांचा पाया आहे. "मला माहीत नव्हते" एवढे म्हणून भागत नाही. हा पाया किती कठोर आहे, हे आपण महाराष्ट्राच्याच एका पैलवानाच्या उदाहरणातून पाहू.

नरसिंग यादव मुंबईत वाढले. त्यांचे वडील दूधविक्रेते होते. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी 'महाराष्ट्र केसरी' किताब जिंकला. २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्यांनी भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा पक्की केली. त्याच वजनगटातील सुशील कुमार यांनी निवड चाचणीची मागणी केली. ती दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या जूनमध्ये फेटाळली. त्यानंतर काही आठवड्यांतच नरसिंग यांच्या २५ जून आणि ५ जुलैच्या नमुन्यांत मेथॅन्डिनोन हे निषिद्ध स्टेरॉइड आढळल्याचे जाहीर झाले.

सोनीपतच्या सराव शिबिरात आपल्या अन्नपेयात कोणीतरी हे द्रव्य मिसळले, असे नरसिंग यांचे म्हणणे होते. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही तेच द्रव्य सापडले होते. नाडाच्या शिस्तपालन समितीने हे म्हणणे मान्य करून १ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांना निर्दोष ठरवले. ते रिओला गेले. वाडाने मात्र क्रीडा लवादाकडे दाद मागितली. तज्ज्ञांचे मत असे पडले, की पहिल्या नमुन्यातील द्रव्याचे प्रमाण पाहता ते पेयात मिसळलेल्या भुकटीचे नसून एकदोन गोळ्या घेतल्याचे दिसते. द्रव्य शरीरात कसे गेले हे संभाव्यतेच्या कसोटीवर पटवून देण्याची जबाबदारी खेळाडूची होती. लवादाला ते पटले नाही. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी लादली गेली. त्या गटात भारताचा पैलवान उतरलाच नाही.

येथे थोडे थांबून विचार करावा. फौजदारी न्यायालयात गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. येथे नमुना दोषी आढळताच पारडे फिरते. हे अन्यायाचे नाही का? माझ्या मते, व्यक्तीच्या दृष्टीने पाहिले तर हा नियम कधीकधी निर्दोषालाही चिरडू शकतो. पण दुसऱ्या बाजूला समोरचा पैलवान आहे. "कोणीतरी मिसळले" हे नुसते सांगणे पुरले असते, तर कोणतीही चाचणी टिकली नसती आणि प्रामाणिकपणे घाम गाळणाऱ्याला संरक्षण उरले नसते. दोन न्याय्य गोष्टींची ही टक्कर आहे, म्हणूनच ती अवघड आहे.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत, मिक्स्ड मार्शल आर्ट्स या व्यावसायिक खेळात, नेमके उलट घडले. कुस्ती, मुष्टियुद्ध आणि लाथांचे प्रहार एकत्र आणणाऱ्या या खेळातील 'यूएफसी' या कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे चाचण्या सोपवल्या होत्या. निवृत्तीतून परतणाऱ्याने लढतीपूर्वी चार महिने चाचणीच्या कक्षेत असावे, असा नियम होता. ब्रॉक लेसनर या लोकप्रिय मल्लाला मात्र त्यातून सूट मिळाली. ९ जुलै २०१६ रोजी ते लढले आणि जिंकले. २८ जूनला घेतलेल्या त्यांच्या नमुन्याचा दोषी अहवाल आला तो लढत झाल्यावर. पुढे नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने त्यांचा विजय रद्द करून एक वर्षाची बंदी व अडीच लाख डॉलर दंड केला. त्यांचे जाहीर मानधन होते पंचवीस लाख डॉलर. समोरच्या खेळाडूने सोसलेले ठोसे मात्र कोणत्याही आदेशाने परत घेता आले नाहीत. जेथे तिकिटे विकणाराच चाचणीच्या नियमातून सूट देऊ शकतो, तेथे शिस्त दुबळी राहते. यूएफसी आणि त्या संस्थेचा करार २०२३ च्या अखेरीस संपला.

ऑलिंपिक खेळांत तशी मोकळीक नाही. निवडक खेळाडूंना रोज एक तास आपण कोठे सापडू हे आगाऊ कळवावे लागते आणि बारा महिन्यांत तीनदा चुकले तर बंदी येऊ शकते. नमुना देण्यास नकार देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. २०२४ मध्ये बजरंग पुनिया यांच्यावर त्याच कारणावरून चार वर्षांची बंदी आली. भारतात २०२२ साली या विषयावर संसदेने स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे नाडाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

नरसिंग यांची बंदी २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते बेलग्रेडच्या विश्वचषक स्पर्धेत पुन्हा मॅटवर उतरले. तोवर त्यांनी तिशी ओलांडली होती.

स्वाध्याय

१. वज्रमुष्टी काळग आणि उत्तेजक द्रव्य चाचणी यांतील कोणता फरक लेखकाने दाखवला आहे? स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. नाडाची समिती आणि क्रीडा लवाद यांचे निर्णय भिन्न का ठरले?
३. आपण लवादाचे सदस्य असता, तर कोणता निर्णय दिला असता? दोन्ही पक्षांची बाजू मांडून दहा ओळी लिहा.