एक मूळ, एक प्रत

30 ऑक्टोबर 2023 रोजी आंदोलनाच्या वेळी माजलगाव नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावण्यात आली. आगीत जळालेला कागद परत मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदाची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

घरच्या संगणकालाही हाच नियम लागू आहे. संगणक बिघडला, तर त्यातील फोटो, गुणपत्रके व टिपणे जाऊ शकतात. त्यांची प्रत इंटरनेटवरील साठ्यात, म्हणजे 'क्लाउड'मध्ये असेल, तर ती परत मिळते.

मात्र एकच फोटो 'सहल', 'नवीन' आणि 'नवीन 2' अशा तीन फोल्डरांत असेल, तर तो तीनदा साठवला जातो. गूगलच्या खात्यात 15 जीबी जागा मोफत मिळते. ती अशाने लवकर भरते. म्हणून आधी फोल्डर आवरा. प्रत्येक फाइल एकाच ठिकाणी ठेवा. फोल्डरच्या नावात वर्ष लिहा. रोज सर्व फोल्डर हाताने चढवू नका. गूगल ड्राइव्हचा प्रोग्राम संगणकावर एकदा बसवा. तो नव्या व बदललेल्या फाइलीच पाठवतो.

पण लक्षात ठेवा, जोडलेल्या फोल्डरमधून फाइल पुसली, तर ती क्लाउडमधूनही जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती फक्त 30 दिवस राहते. यासाठी अधूनमधून पेनड्राइव्हवरही प्रत काढा.

शब्दार्थ : प्रत – नक्कल, साठा – जखीरा, मोफत – मुफ्त, आवरणे – नीट लावणे.

स्वाध्याय
1. कागदाची प्रत वेगळ्या ठिकाणी का ठेवावी?
2. क्लाउडमधील जागा लवकर का भरते?
3. पेनड्राइव्हवरही प्रत का काढावी?